तिसऱ्या खोकल्यानंतर

वाजवताना फुस्ससरांना कोणी कधी ‘चुकलात’ असं म्हटलं नव्हतं, आणि हेच त्यांचं मोठं दुःख होतं. दुसऱ्या कुठल्याही वादकाला हेवा वाटावा असं दुःख, पण दुःखच. लोक त्यांना वेडे म्हणाले, थोर म्हणाले, एका सभागृहाच्या रखवालदाराने तर नळ फुटला असं समजून तळमजल्याचं पाणी बंद केलं. पण चूक काढायची तर बरोबर काय ते आधी माहीत असावं लागतं, आणि फुस्ससर जे वाजवत त्यात बरोबर काय हे एकट्या फुस्ससरांनाच माहीत होतं. निदान तशी त्यांची समजूत होती.

ते वाजवत ट्रॉम्बोन. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर हा पितळेचा लांबलचक कर्णा. त्याला दाबायची बटणं-बिटणं काही नाहीत. एक दुहेरी नळी पुढे-मागे सरकवायची आणि सूर त्या सरकण्यात शोधायचा. नळी पार टोकापर्यंत न्यायची तर हात लांब लागतात. शाळेच्या बँडमास्तरांनी पोरांना रांगेत उभं केलं, एकाचे हात जवळपास गुडघ्याला लागतात हे बघितलं आणि ते वाद्य त्याच्या गळ्यात मारलं. लहानपणापासून संगीताची ओढ होती वगैरे गोष्टी सरांनी पुढे मुलाखतींत सांगितल्या, त्या मुलाखतींतच ठेवलेल्या बऱ्या.

मोठेपणी त्यांना शहरातल्या वाद्यवृंदात नोकरी लागली. ही नोकरी मुख्यतः बसून राहण्याची. व्हायोलिनवाले घाम गाळत असतात, आणि ट्रॉम्बोनवाला मांडीवर वाद्य घेऊन मनातल्या मनात मात्रा मोजत बसतो. पाऊण मैफल अशी जाते. मग चार सूर दणकून वाजवायचे, की पुन्हा मोजणी सुरू. मोजता मोजता सरांना श्रोत्यांचे खोकले ऐकू यायला लागले. एक भाग संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे सगळं सभागृह खोकून घेतं. कोणाचा खोकला दाबून धरलेला, कोणाचा मोकळा सोडलेला, तर कोणाला निव्वळ शेजारी खोकला म्हणून आलेला. सरांना वाटायला लागलं, आपण वाजवतो त्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

एका संध्याकाळी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांना ठसका लागला आणि सरांकडून नकळत उत्तर गेलं. ट्रॉम्बोनमधून, अगदी तस्संच. गृहस्थ चपापले आणि पुन्हा खोकले. सरांनी पुन्हा उत्तर दिलं. हा संवाद बराच रंगला. तेवढ्यात वाद्यवृंदाच्या संचालकांनी छडी खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सरांची नोकरी गेली.

पण गंमत अशी, की ते खोकणारे गृहस्थ संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ते सरांना शोधत घरी आले. “अहो, माझी बायकोसुद्धा माझं इतकं लक्ष देऊन ऐकत नाही,” असं म्हणून त्यांनी सरांना प्राध्यापक केलं. माणसं कशाकशाने मोठ्या पदाला लागतात ते बघा. सरांनी पहिल्याच जाहीर कार्यक्रमात ओठ न थरथरवता नुसती हवा फुंकली, ती चांगली अर्धा तास. त्या दिवशी पोरांनी त्यांना फुस्ससर केलं. सरांना ते नाव आवडलं. आपल्या रचनेची कोणी तरी नीट दखल घेतली असं त्यांना वाटलं.

त्यांची गाजलेली रचना मात्र पुढची, ‘तीन खोकले’. ट्रॉम्बोन उलटा धरायचा, कर्ण्याच्या रुंद तोंडात तीनदा खोकायचं, मग सुलटा करून नुसती हवा, मग नळीचं घासणं, आणि शेवटी एकच सूर. तो इतका खालचा, की कानांच्या आधी खुर्चीला कळावा. ही रचना घेऊन सर गावोगाव फिरले. रिकाम्या पोहण्याच्या तलावात वाजवली, धान्याच्या कोठारात वाजवली, आणि सगळीकडे ‘धाडसी’ हा एकच शब्द ऐकून परत आले. एकदा तर चिडून त्यांनी लहान मुलांचं एक साधंसुधं गाणं वाजवलं, तेही दोन ठिकाणी मुद्दाम बेसूर. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘भाबडेपणाचा निर्दय उपहास’. सरांनी कपाळाला हात लावला.

घरी तर तेवढंही कौतुक नव्हतं. घर वरच्या मजल्यावर, आणि खाली बायकोचं कपडे दुरुस्त करण्याचं दुकान. सरांनी वर वाजवायला घेतलं की खाली माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक श्वास रोखायचं आणि कमरेचं माप चुकायचं. म्हणून बायकोने वर्षानुवर्षं एकच नियम ठेवला होता, की वाजवायचं ते कॉलेजात, घरी फक्त संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर. मागच्या खोलीत सासूबाई असत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडू द्यायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी जावयाच्या संगीताबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. सर थांबले की भिंतीपलीकडून एवढंच यायचं, “जावईबापू, झालं का तुमचं?” आजवरची सगळ्यात कडक समीक्षा म्हणून सरांनी हेच वाक्य मनाशी जपून ठेवलं होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना महाविद्यालयात नव्या प्राचार्यबाई आल्या. त्या हिशोबाच्या पक्क्या होत्या आणि बोलायला गोड. त्यांनी सरांना बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, “सर, तुमच्या वर्गात या वर्षी एकही विद्यार्थी नाही.”

ते खरंच होतं. शेवटचा विद्यार्थी ट्रंपेटकडे पळाला होता, कारण ट्रंपेट सायकलला अडकवून नेता येतं.

“पटावर विद्यार्थी असेपर्यंत वर्ग चालू राहील,” बाई म्हणाल्या, “पण नवे प्रवेश या महिन्यानंतर बंद. पट रिकामा झाला की वर्ग बंद, तुमची लवकर निवृत्ती, आणि ती खोली झेरॉक्सच्या मशीनला.”

ती खोली म्हणजे बोळकांडीच्या टोकाची. सरांनी तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. खोलीला कुबट वास होता, खिडकी उघडत नव्हती, आणि जमिनीवर सरांच्या खुर्चीपुढे एक कायमचा डाग होता. ट्रॉम्बोनमध्ये श्वासाचं पाणी साठतं, ते नळीची कळ दाबून खाली सोडावं लागतं. त्या डागात सरांचं उभं आयुष्य जिरलं होतं. ही खोली गेली तर आपण उरतो कोण, हा प्रश्न सरांना पडला.

रात्री जेवताना त्यांनी घरी सांगितलं. बायकोचा घास हातातच राहिला.

“म्हणजे तुम्ही दिवसभर घरी?”

“हो.”

“आणि वाजवणार?”

“दुसरं काय करू?”

बायकोच्या डोळ्यांपुढून तिची सगळी गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. शेवटी सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “प्रवेशाला वयाची अट आहे का हो?”

अट नव्हती. महिना संपायच्या आत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई ट्रॉम्बोन वर्गाच्या पटावर आल्या. प्राचार्यबाईंनी अर्जाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि गोड हसून सही केली. फक्त जाता जाता आठवण करून दिली, “अभ्यासक्रम एक वर्षाचा. पास झालात की नाव पटावरून उतरतं.”

“आणि नापास झाले तर?” सासूबाईंनी विचारलं.

“मग पुन्हा वर्षभर बसायचं.”

“मग मी नापासच होणार,” सासूबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. “त्यात काय मोठंसं! अख्खं जग नापास होतं.”

इथेच सगळ्यांचा अंदाज चुकला. फुस्ससरांच्या वर्गात आजवर कोणी नापास झालंच नव्हतं. चूक म्हणजे काय, हेच जिथे ठरलेलं नाही तिथे माणूस नापास होणार कसा?

पहिल्या दिवशी सासूबाईंनी ट्रॉम्बोन तोंडाला लावला, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकलं. सूर आला नाही. नुसतं फुस्स झालं.

“वा!” सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“अहो वा काय? मला वाजवता येत नाहीये!”

“आई, हे यायला मला अकरा वर्षं लागली.”

सासूबाईंचे हात आखूड. नळी टोकापर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी छत्रीची मूठ नळीला अडकवली आणि तिने नळी ढकलायला लागल्या. छत्री नळीवर किरकिर वाजायची. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून हळहळले. सासूबाई शिंकल्या तरी वा. वाद्य हातातून निसटून गादीवर पडलं तरी वा. सासूबाईंनी अगदी हात टेकले. “जावईबापू, तुम्ही मला चांगलं म्हणायचं बंद करा, नाही तर घर बुडेल.”

शेवटी बायकोनेच तोड काढली. ती शिवणकाम करणारी, तिला मापाची सवय. ती म्हणाली, “परीक्षेला ठरलेलं काही वाजवायचं असतं ना? तुमचे ते तीन खोकले?”

“हो.”

“मग आईने चारदा खोकावं. तीन म्हणजे तीन. चौथा आला की चूक. रचना तुमची, तुम्हीच ‘चूक’ म्हणालात तर परीक्षक काय करणार?”

इतकं साधं उत्तर ऐकून सरांना थोडं वाईटच वाटलं, पण ठरलं. वर्षभर दुपारी सासू आणि जावई त्या गादीच्या खोलीत बसून चौथ्या खोकल्याची तालीम करत राहिले. त्या दुपारी सरांना फार आवडायला लागल्या. समोर कोणी तरी बसून ऐकतंय, हे त्यांना सवयीचं नव्हतं. सासूबाई ऐकताना मधेच मान वर करायच्या, काही बोलणार असं वाटायचं, आणि मग म्हणायच्या, “काही नाही. चालू द्या.”

परीक्षेच्या दिवशी बायकोने दुकानाला कुलूप लावलं आणि आईला पाणी द्यायला म्हणून ती मागे येऊन बसली. पुढे प्राचार्यबाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. हे परीक्षक स्वतः काहीच वाजवत नसत. शांतता हा त्यांचा विषय होता, आणि त्यावर ते तास न् तास बोलत.

सासूबाई मंचावर आल्या. एका हातात ट्रॉम्बोन, दुसऱ्या हातात छत्री. परीक्षक तेवढ्यावरच पुढे सरकून बसले.

पहिला खोकला कर्ण्यात गेला आणि घुमला. दुसरा जरा मोठा आला. तिसऱ्याला सासूबाईंनी छाती भरून जोर लावला आणि त्यांची वरची कवळी सुटून कर्ण्यात गेली. आत कुठे तरी खुळखुळ झालं, मग ती अडकली.

सरांच्या पाचावर धारण बसली. बायकोने तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की काय, ते कळलं नाही. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. कर्णा तोंडासमोर धरून नुसत्या थांबल्या. परीक्षकांनी डोळे मिटले. सगळं सभागृह थांबलं. सर मनात म्हणत होते, आता चौथा, आई, आता चौथा खोका. चौथा आलाच नाही. सासूबाईंनी मान किंचित तिरकी केली, कशाची तरी चाहूल घेतल्यासारखी. मग ट्रॉम्बोन सुलटा केला आणि हवा, नळीचं घासणं, छत्रीची किरकिर आणि तो खालचा सूर, सगळं एकही ठिकाण न चुकवता वाजवलं. सुराबरोबर आत अडकलेली कवळी बारीक थरथरत होती.

“धाडसी!” परीक्षक उठून उभे राहिले. “वाद्यात दात! आणि ती शांतता! पास. पास काय, पहिल्या वर्गात!”

प्राचार्यबाईंनी पेन उघडलं. सरांचं डोकं त्या दिवशी जेवढं भराभर चाललं तेवढं आयुष्यात कधी चाललं नसेल. चौथा खोकला नाही. पण थांबल्या होत्या! रचनेत थांबणं कुठे आहे? तिसरा खोकला संपला की लगेच हवा. सर ताडकन उठले.

“चूक!” ते ओरडले. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला होता. “चूक आहे ही! मधे थांबायचं नाहीये. तिसऱ्या खोकल्यानंतर थेट हवा. साफ चुकल्या. नापास!”

सर जिंकले होते. खोली वाचली होती, दुकान वाचलं होतं. सासूबाईंनी फक्त मान खाली घालायची होती. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला. एवढ्या वर्षांत जावयाला कधी अरे-तुरे न केलेल्या सासूबाई मंचाच्या कडेला आल्या आणि बोळक्या तोंडाने गरजल्या, “मी नाही! शुकलाश तू!”

परीक्षक उभ्याउभ्याच सरांकडे वळले.

“मी?” सर म्हणाले.

“तूश! तितं थांबायशं अशतं. आधी थांबायशाश. हल्ली नाही थांबत. शरळ फुंकत शुटतोश!”

“आई, असं कुठेही नाहीये. रचना माझी आहे, मला माहीत नाही?”

“नाही माहीत तुम्हाला,” हे मागून बायको बोलली. ती उभी राहिली होती. “मधे थांबायचात तुम्ही. आपली पोर लहान होती तेव्हा. तिला मागच्या खोलीत निजवलेली असायची, आणि तुम्ही खोकून झालं की थांबून ऐकायचात, उठली की काय ते. नसली उठली तरच पुढे वाजवायचात.”

सरांना ती मागची खोली दिसली, लोटलेलं दार दिसलं, आणि कर्णा तोंडाशी धरून श्वास रोखून उभा राहिलेला एक लांब हातांचा बाप दिसला. रड ऐकू येते का, याच्याकडे त्याचे कान लागलेले. मुलगी निजलेली आहे हे कळलं की त्याला किती बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं घेऊन तो पुढे फुंकायचा. मुलगी मोठी झाली, परगावी गेली. ऐकायला काही उरलं नाही, तसं थांबणंही कधी गळून गेलं ते त्यांना कळलंच नव्हतं. अख्ख्या रचनेत खरं असं तेवढंच होतं, आणि तेवढंच टाकून ते ती गावोगाव मिरवत फिरले होते.

“सर,” प्राचार्यबाई गोड आवाजात म्हणाल्या, “तुमचं मत शेवटचं. चूक म्हणू की बरोबर?”

‘चूक’ म्हटलं असतं तर खोली राहिली असती. सर त्या शब्दापाशी बराच वेळ घुटमळले, हे कबूल केलं पाहिजे. ते काही संत नव्हते. त्यांनी एकदा सासूबाईंकडे बघितलं. त्या छत्री रोखून उभ्या होत्या. आता जर का हा माणूस खोटं बोलला तर त्या काय करतील, काही सांगता येत नव्हतं.

“बरोबर,” सर म्हणाले. “त्या बरोबर आहेत. मी चुकलो. पास.”

बाईंनी सही केली. पट रिकामा झाला.

मग सर मंचावर चढले. नळी सोडवली, कर्णा हळूच झटकला, आणि घरंगळत आलेली कवळी रुमालात झेलली. ती पुसून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली. “तुम्हाला इतकं नीट आठवतं?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी कवळी बसवली, दोनदा चावून बघितली आणि त्या म्हणाल्या, “न आठवून सांगते कोणाला! वर्षानुवर्षं भिंतीला कान लावून मी पण थांबत होते. उठली तर मलाच घ्यायला लागायची.” जरा वेळाने रागावल्यासारख्या म्हणाल्या, “चौथा खोकला मी मुद्दामच नाही काढला. इतकं चांगलं चाललेलं कोण बिघडवेल?”

आठवडाभरात भिंतीवरच्या गाद्या उतरल्या आणि खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं. ते जमिनीवरच्या डागावर बरोबर बसलं. सर ट्रॉम्बोन घेऊन घरी आले. दोन दिवस त्यांनी पेटी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोच खालून म्हणाली, “अहो, वाजवा एकदाचं. तुम्ही असे गप्प बसलात की मला टाके घालवत नाहीत.”

सरांनी खुर्ची खिडकीपाशी घेतली. खाली शिवणयंत्र चालू होतं, कोणी तरी कंबर मोजून घ्यायला खोळंबलं होतं. त्यांनी ट्रॉम्बोन उलटा धरला आणि एकदा खोकले. दुसऱ्यांदा खोकले. तिसऱ्यांदा.

आणि थांबले.

खालचं शिवणयंत्र थांबलं. मागच्या खोलीत बांगड्यांचा आवाज झाला आणि तोही थांबला. सर ऐकत राहिले. घरात निजलेलं कोणी नव्हतं, तरी ते ऐकत राहिले, कारण भिंतीपलीकडेही कोणी तरी ऐकत थांबलं होतं.

“हं,” भिंतीपलीकडून सासूबाई म्हणाल्या. “वाजव आता पुढे.”